परत न येणारा माल

मे महिना लागला की आमच्या सोसायटीच्या जिन्यात दारोदार सेफ्टी शूज दिसायला लागतात. कुणाचा मुलगा कुरुळीला, कुणाची मुलगी महाळुंग्याला, कुणी निघोज्याला. दीड-दोन महिने कंपनीत जायचं, कॅन्टीनमध्ये जेवायचं आणि शेवटी शिक्का मारलेलं सर्टिफिकेट घेऊन यायचं. पिंपरी-चिंचवडमध्ये इंटर्नशिप म्हणजे हेच. आमच्या वेळी अप्रेंटिसशिप म्हणायचे, आणि टेल्कोत अप्रेंटिस लागलेल्या मुलाला स्थळं सांगून यायची. त्यामुळे ‘मी जखमी वन्यप्राण्यांच्या केंद्रात इंटर्नशिप करणार’ असं धाकट्या लेकीने जेवताना जाहीर केलं, तेव्हा मी सवयीने विचारलं, ‘स्टायपेंड किती?’

‘शून्य. आणि रेबीजच्या लशी आपल्या खर्चाने घ्यायच्या, बाबा.’

मी अठ्ठावीस वर्षं भोसरी एमआयडीसीत क्वालिटीमध्ये काढली. व्हर्नियर, गो-नोगो गेज, रिजेक्शनची लाल पेटी हे माझं जग. त्यामुळे या उन्हाळ्याचा हिशेब मी त्याच भाषेत मांडला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

केंद्र मुळशीच्या बाजूला आहे. नाव लिहीत नाही. नाव छापलं की लोक रविवारी मुलाबाळांना घेऊन ‘प्राणी दाखवायला’ येतात, आणि तिथल्यांना नेमकं तेच नको असतं. पहिल्याच दिवशी लेकीला नियमांचा कागद मिळाला. प्राण्यांसमोर बोलायचं नाही. फोटो नाही. अत्तर-सेंट नाही. पिंजऱ्यावरची चादर कारणाशिवाय उचलायची नाही. आणि कुणालाही नाव ठेवायचं नाही, फक्त नंबर. हिच्या आईला हा शेवटचा नियम फार क्रूर वाटला. मला मात्र एकदम ओळखीचा वाटला, कारण आमच्याकडेही जॉबला नंबरच असतो.

पहिला आठवडा तिने प्राण्यांपेक्षा ट्रे जास्त हाताळले. ट्रे घासायचे, चादरी धुवायच्या, पपई चिरायची, पिंजऱ्यात वर्तमानपत्रं अंथरायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती हसतच घरात शिरली. ‘बाबा, आज तुमचं सदर वटवाघळाखाली होतं.’ वाचकसंख्या वाढली म्हणायची.

मग तिला बुलबुलाची पिल्लं दिली. दर वीस मिनिटांनी भरवायचं, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. टायमर वाजला की चिमटा, टायमर वाजला की चिमटा. कन्व्हेयरवर उभा राहिलेला माणूस जसा घरी येऊनही हात हलवत असतो, तशी ती रात्री झोपेत बोटं मिटायची. एका पिल्लाचं वजन पंधरा-वीस ग्रॅम. रोज सकाळी कापडी पिशवीत घालून वजनकाट्यावर ठेवायचं आणि वहीत आकडा लिहायचा. वजन घटलं की डॉक्टरांना सांगायचं. मी विचारलं, ‘काटा शेवटचा कॅलिब्रेट कधी केला होता?’ ती माझ्याकडे बघतच राहिली. शनिवारी मी प्रमाणित वजनं खिशात घालून तिला सोडायला गेलो. काटा तीन ग्रॅमने पुढे होता. शंभर किलोच्या कास्टिंगला तीन ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण पंधरा ग्रॅमच्या पिल्लाला? त्या दिवसापासून मला गेटवर कुणी अडवलं नाही.

वहीची पानं चाळताना माझ्या जुन्या सवयीने मी कारणांचा रकाना वाचायला लागलो. रिजेक्शन आलं की आधी दोष कुठे झाला ते शोधायचं, हे हाडात भिनलेलं. मांजाने कापलेला पंख, गाडीची धडक, विजेचा झटका, उन्हाने आलेली ग्लानी हे सगळं होतंच. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीत झाडावर अडकलेला मांजा मे महिन्यातही घारी कापतो. पण त्या रकान्यात पुन्हा पुन्हा एक शेरा दिसत होता: ‘घरी ठेवलं होतं’.

नंबर 212 ही घार. घार दिसते केवढी मोठी, पंख पसरले की पाच फूट, पण वजन जेमतेम सहा-सातशे ग्रॅम. मोशीच्या कचरा डेपोवर त्यांची जी चक्री फिरत असते ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. त्यातल्याच कुणाचं तरी हे पिल्लू मोबाइल टॉवरवरच्या घरट्यातून पडलेलं. चिखलीच्या एका कुटुंबाने ते उचललं, महिनाभर सांभाळलं. माणसं भली. रोज चिकन आणायचे, तेही बोनलेस. हाड घशात अडकेल या काळजीने. घारीची आई पिल्लाला अख्खा उंदीर आणून देते, हाडांसकट, आणि त्या हाडांतून पिल्लाला कॅल्शियम मिळतं. नुसत्या मासावर वाढलेल्या पिल्लाला मुडदूस होतो. एक्स-रेमध्ये तिची हाडं पेन्सिलीने हलकी रेघ ओढावी इतकी पुसट दिसत होती. दोन्ही पाय वाकलेले, पंखाचं हाड तीन ठिकाणी मोडून वेडंवाकडं जुळलेलं. डोळे मात्र लख्ख. माणूस दिसला की चोच उघडून खायला मागायची. डॉक्टरांनी दोन दिवस विचार केला आणि मग तिला कायमचं झोपवलं.

त्या रात्री लेक जेवली नाही. ‘आमच्याकडे याला स्क्रॅप म्हणतात’ हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. ती म्हणाली, ‘त्यांनी तिच्यावर खूप जीव लावला होता, बाबा. म्हणूनच गेली.’

पुण्याच्या परिसरात ही कामं काही आजची नाहीत. 1980 साली बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत राहणारे नीलिमकुमार खैरे आमच्या पिढीला आठवत असतील. पुढे त्यांनी 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं आणि तिथेच जखमी, पोरक्या प्राण्यांसाठी अनाथालयही चालवलं. बावधनला नेहा पंचमिया यांची रेस्क्यू संस्था 2007 पासून काम करते आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. वन खात्याबरोबर ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ते चालवते.

माणिकडोह आपल्याला लांबचं वाटतं, पण चाकण खेड तालुक्यात आहे आणि खेड तालुका वन खात्याच्या जुन्नर विभागात येतो. मार्च 2022 मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला, तेव्हा माणिकडोहचंच पथक धावून आलं. कामगारांना बाहेर काढलं, काही तासांनी बेशुद्धीचं इंजेक्शन मारून त्याला पकडलं. तेव्हा सगळ्या ग्रुपवर एकच विनोद फिरत होता, ‘टेस्ट ड्राइव्हला आला होता.’ पण त्याच्या बाजूने बघितलं तर तो कुठे शिरला होता? काल जिथे ऊस होता तिथे आज शेड आहे, एवढंच. बिबट्याची मादी उसात वितेच. तोडणी लागली की मजुरांना पिल्लं सापडतात. पूर्वी ती उचलून आणली जायची आणि जन्मभर पिंजऱ्यात राहायची. आता पिल्लू तपासून, त्याच संध्याकाळी, सापडलं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. बाजूला कॅमेरा लावतात आणि सगळी माणसं लांब जातात. मादी रात्री येते, पिल्लाच्या मानेला धरते आणि निघून जाते. उपचार काय केला, तर बाजूला झालो.

आणि माल एका लाइनवरून उचलून दुसऱ्या लाइनवर टाकला की दोष जात नाही, हे जुन्नरने महागात शिकवलं. 2001 पासून तिथले बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला, तर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते ते सतरावर गेले होते. त्यांचाच ‘आजोबा’ तुम्हाला सिनेमामुळे माहीत असेल. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला हा बिबट्या माळशेजला सोडला, तर गळ्यातल्या कॉलरसकट चालत चालत, वसईच्या औद्योगिक वसाहतीतून वाट काढत आणि खाडी पोहून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. हे वाचायला छान वाटतं. जुन्नर-शिरूरकडे ज्यांच्या घरातलं मूल गेलं आहे त्यांच्यापुढे मात्र मी ही गोष्ट सांगणार नाही. त्यांच्या रागाला उत्तर द्यायला माझ्याकडे कुठलंही गेज नाही.

तर माझी खरी मदत झाली ती नंबर 240 ला. गव्हाणी घुबड. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये छताच्या ट्रसवर त्यांची जोडी राहते. त्यातलं एक रात्री खाली, मशीनच्या ऑइल ट्रेमध्ये पडलं. शहाणपणा केला तो वॉचमनने. न पाणी पाजलं, न काही भरवलं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडली, आत जुनं सुती कापड घातलं, घुबड ठेवून झाकण लावलं आणि फोन केला. ‘अपशकुनी आहे, फेकून दे’ म्हणणारे शिफ्टमध्ये होते. त्यांना तो म्हणाला म्हणे, ‘उंदीर तुम्ही खाणार का मग?’

केंद्रात डॉक्टरांना एक प्रश्न पडला होता. तेल नक्की कोणतं? पक्षी चोचीने पिसं साफ करतो, म्हणजे ते तेल पोटात जाणारच. लेकीने मला फोन केला. मी विचारलं, ‘रंग काय? बोटाला कसं लागतंय?’ हायड्रॉलिक असणार, बहुतेक अडुसष्ट नंबरचं. त्यात झीज कमी करायला जस्ताचं मिश्रण घालतात. चाकणच्या जुन्या सहकाऱ्याला झोपेतून उठवून त्या तेलाची सेफ्टी डेटा शीट मागवली आणि डॉक्टरांना पाठवली. आयुष्यात शेकडो वेळा ऑडिटरला दाखवून पुन्हा फायलीत ठेवलेला कागद पहिल्यांदाच कुणाच्या तरी पोटापाण्याच्या उपयोगी पडला.

पक्ष्याला लगेच धुवायचं नसतं, हे मला माहीत नव्हतं. आधी ऊब, कातडीखाली कोमट सलाइन, एक दिवस अंधारात विश्रांती. मग कोमट पाण्याचे तीन टब आणि आपण भांडी घासायला वापरतो तोच पातळ साबण. एकाने धरायचं, एकाने पिसाच्या दिशेनेच चोळायचं. पुसायचं नाही, टिपायचं. घुबड चोचीने टक् टक् आवाज काढत होतं आणि लेकीच्या कपाळावरून घाम त्याच टबात गळत होता. दोन वेळा धुतलं. पिसांचा तो सोनेरी-राखाडी रंग परत आला तेव्हा मी काचेबाहेर उभा होतो. आत काही बोलायचं नव्हतं म्हणून बरं झालं.

अठराव्या दिवशी ते उडायच्या मोठ्या पिंजऱ्यात जिवंत उंदीर धरायला लागलं. लेक आत गेली की अंग फुगवून, मान खाली घालून फुसकारायचं. सतरा दिवस ज्या हातांनी भरवलं त्या हातांवर नख्या उगारायचं. वहीत शेरा पडला: ‘माणसाची भीती: उत्तम’. इतका चांगला इन्स्पेक्शन रिपोर्ट मी भोसरीत लिहिला नाही.

सोडायला त्याच शेडच्या मागे गेलो. दिवेलागणीची वेळ. खोकं कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं, झाकण उघडलं आणि आम्ही वॉचमनच्या केबिनमध्ये दिवा घालवून बसलो. पाच मिनिटं गेली, वीस गेली. दुसऱ्या शिफ्टचा भोंगा झाला. चाळीस मिनिटांनी मी उठायला लागलो तर लेकीने मनगट दाबलं. खोक्याच्या काठावर काहीतरी पांढरं आलं, आणि पुढच्या क्षणी नव्हतं. आवाज काहीही झाला नाही. घुबडाच्या पंखांचा होत नसतो.

आठवड्याने तिने वॉचमनला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, ट्रसवर दोन बसतात रोज. त्यातलं तुमचं कुठलं, काही कळत नाही बघा.’ ती खूश झाली.

आता थोडं कामाचं. हे दिवस पिल्लं घरट्यातून बाहेर पडण्याचे आहेत. अंगावर पिसं आलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर टुणटुण उड्या मारताना दिसलं तर ते हरवलेलं नसतं, उडायला शिकत असतं. आई-बाप जवळच असतात. मांजराची भीती असेल तर उचलून फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लाला टाकते, ही समजूत खोटी आहे. पिसं न आलेलं असेल तर घरट्यात परत ठेवा, घरटंच पडलं असेल तर एक टोपली बांधून त्यात. दूध-पाव नको. चोचीत पाणी तर मुळीच ओतू नका, जिभेच्या मुळाशीच श्वासनलिका उघडते. आणि वन्य प्राणी, अगदी पोपटसुद्धा, घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, कितीही जीव लावलात तरी.

खरंच जखमी असेल तर खोकं, भोकं, सुती कापड, अंधार. आणि वन खात्याचा फोन, 1926.