ओ, क्यू आणि शेपूट

इंग्रजी वर्णमालेत अक्षरं सव्वीस. टीव्ही विकणाऱ्या मंडळींनी त्यांतली निम्मी तरी एव्हाना वापरून संपवली आहेत. एलसीडी झाला, एलईडी झाला, ओएलईडी झाला, क्यूएलईडी झाला, आता क्यूएनईडीही आला. वर यूएचडी आणि एचडीआर यांची फोडणी. दुकानाच्या भिंतीवर ही अक्षरं ओळीने लावलेली पाहिली की आपण टीव्ही घ्यायला आलो आहोत की डोळे तपासायला, असा प्रश्न पडतो. फरक एवढाच, की डोळ्यांच्या डॉक्टरकडे अक्षरं कळली नाहीत तर चष्मा देतात. इथे टीव्ही देतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ही नावं वस्तू ओळखता यावी म्हणून ठेवलेली नाहीत, ओळखता येऊ नये म्हणून ठेवलेली आहेत. मी बँकेत कारकून. नावाच्या बाबतीत आमचा धंदा फार कडक. 'विठ्ठल'च्या जागी 'विठल' आलं तर चेक परत जातो आणि माणूस काउंटरवर येऊन आमचा उद्धार करतो. खातं उघडायचं तर फोटो द्या, पत्ता द्या, ओळखपत्र द्या, पुन्हा काही वर्षांनी येऊन तेच तुम्ही आहात हे सिद्ध करा. आणि इकडे पन्नास हजारांचा टीव्ही कुठल्या घराण्यातला, याची चौकशी केली तर सेल्समन म्हणतो, "काका, लेटेस्ट आहे."

पूर्वी हा घोळ नव्हता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा टीव्ही म्हणजे टीव्ही. शटर लावलेलं लाकडी खोकं, आत काचेची मोठी नळी, पडद्यावर ६२५ रेघा. निवड करायची ती शेजाऱ्यांपैकी कोणाकडे जाऊन बघायचा याची. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, रंग आला आणि मग दोनच प्रश्न उरले: काळा-पांढरा की रंगीत, रोख की हप्त्याने. ज्यांना रंगीत परवडत नव्हता ते पडद्यावर वरून निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा असा प्लॅस्टिकचा कागद लावत. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी दिसे, पण कोणी तक्रार करीत नसे. या कागदाची आठवण ठेवा. तो पुढे परत येणार आहे.

आता एकेकाची कुंडली मांडू. एलसीडी म्हणजे द्रवरूप स्फटिक. १८८८ साली फ्रीडरिश रायनित्झर नावाचा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ प्रागमध्ये गाजरातून काढलेल्या एका पदार्थावर प्रयोग करीत होता, तेव्हा त्याला हा अर्धवट पातळ, अर्धवट स्फटिक असा चमत्कारिक प्रकार दिसला. आपल्याकडे गाजराचा हलवा झाला; तिकडे गाजरातून टीव्ही निघाला. या स्फटिकाला स्वतःचा उजेड मुळीच नाही. तो खिडकीच्या पडद्यासारखा आहे. विजेचा दाब दिला की वळतो, मागचा उजेड सोडतो किंवा अडवतो. मागे दिवा हवाच. सुरुवातीला तिथे बारीक ट्यूबलाइट असत. पुढे त्या काढून एलईडीचे दिवे बसवले, आणि बाजारात जाहीर झालं की नवा 'एलईडी टीव्ही' आला!

अहो, आला कुठून? घरातली ट्यूब काढून एलईडी दिवा लावला म्हणून कोणी घराच्या दारावरची पाटी बदलतं का? आत तोच एलसीडी, तेच गाजर. दिवा चांगला, वीज कमी खाणारा, टीव्ही पातळ झाला, सगळं मान्य. पण आजही लोक म्हणतात, "आमचा जुना एलसीडी काढला, आता एलईडी घेतला." मी ते ऐकतो आणि गप्प बसतो, कारण चहा त्यांच्या घरचा असतो.

मग क्यूएलईडी. हे नाव सॅमसंगने २०१७ साली बाजारात आणलं. क्यू म्हणजे क्वांटम डॉट, अतिसूक्ष्म कण. कण खरोखर मोठ्या योग्यतेचे आहेत. त्यांच्यासाठी २०२३ साली तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा उजेड त्यांच्यावर पडला की ते आकारमानाप्रमाणे शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा उजेड देतात, त्यामुळे रंग चांगले येतात. पण दुकानात क्यूएलईडी म्हणून जो टीव्ही मिळतो त्यात हे कण बहुधा एका पातळ फिल्ममध्ये बसवलेले असतात, आणि ती फिल्म दिवा आणि एलसीडी यांच्या मध्ये सरकवलेली असते. थोडक्यात, प्लॅस्टिकचा रंगीत कागद! पूर्वी पुढून लावत, आता आतून लावतात. हा कागद त्या कागदापेक्षा हजारपट हुशार आहे हे कबूल. पण कागद लावणाऱ्या शेजारच्या काकांनी आपल्या टीव्हीचं नाव बदललं नव्हतं.

ओएलईडी मात्र खरोखरच वेगळ्या जातीचा. यात मागे दिवा नाही, पडदा नाही. एकेक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो. अमावास्येच्या रात्रीचा देखावा असला तर काळं म्हणजे काळंच दिसतं. एलसीडीत मागचा दिवा चालूच असल्यामुळे अमावास्येलाही नगरपालिकेचा खांब जवळपास असल्यासारखं वाटतं. तो उजेड ताब्यात ठेवायला दिव्यांचे गट पाडून जिथे अंधार हवा तिथले दिवे मंद करतात. मिनी एलईडी टीव्हीत हेच करतात. सोय चांगली आहे, पण गट थोडे असले की काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती संतांच्या तसबिरीतल्यासारखं तेजोवलय दिसतं. गट किती, हे खोक्यावर सहसा नसतं.

ओएलईडीतला ओ म्हणजे ऑर्गॅनिक. ऑर्गॅनिक म्हटलं की आपल्याकडे भेंडीसुद्धा दुप्पट भावाने जाते, तिथे टीव्ही कसा स्वस्त मिळेल? इथे त्याचा अर्थ कार्बनची संयुगं एवढाच. शेणखताचा संबंध नाही. ही संयुगं हळूहळू थकतात, त्यांत निळी आधी. एकच आकृती तासन्‌तास एका जागी राहिली तर तिचा डाग पडू शकतो. म्हणजे ज्या घरात आजोबा सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत बातम्यांचं चॅनेल लावून बसतात, तिथे काही वर्षांनी सिनेमातल्या नायिकेच्या पदरावर 'ब्रेकिंग न्यूज'ची पट्टी उमटण्याची भीती आहे. कंपन्यांनी यावर पुष्कळ इलाज केले आहेत, पण आजोबांवर इलाज निघालेला नाही.

आता मूळ मुद्दा. इंग्रजी ओ हे अक्षर काढा आणि त्याला खाली लहानशी शेपूट काढा. झाला क्यू. तंत्राच्या दृष्टीने दोन टीव्हींमध्ये दिवा आणि पडदा एवढं अंतर. नावाच्या दृष्टीने एका शेपटीचं. हे अगदी सहज घडलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या शाखेत येऊन 'फिक्स्ड डिपॉझिट'च्या शेजारी 'फिस्क्ड डिपॉझिट' नावाची योजना काढून दाखवावी. रिझर्व्ह बँक दुसऱ्या दिवशी दारात उभी राहील.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं, आणि ते वरवर शहाणपणाचं आहे. "ग्राहकाला तंत्र कशाला हवं? त्याने डोळ्यांनी बघावं, आवडेल तो घ्यावा." कबूल! पण बघायचं कुठे? शोरूममध्ये. तिथे छताला शंभर दिवे आणि टीव्ही दुकानासाठीच्या खास भडक सेटिंगवर. त्या झगमगाटात जो सर्वांत जास्त डोळ्यांत खुपतो तोच सर्वांत चांगला वाटतो. प्लाझ्मा नावाचा एक सज्जन होता. अंधाऱ्या खोलीत त्याचं चित्र पाहून जाणकार खूश होत. पण शोरूमच्या उजेडात तो फिका दिसे, शिवाय वजनाला जड आणि विजेला खादाड. २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्याला कायमची रजा दिली.

आणि पडद्यावर लावलेलं काय असतं? पोपट. हिरवा, लाल, निळा, प्रत्येक पीस मोजून घ्यावं असा. नाहीतर धबधबा, नाहीतर कापलेलं कलिंगड. आता मला सांगा, आपल्या घरी रात्री आठ वाजता पोपट कोण बघतं?

आपण बघतो मराठी मालिका. त्याचा हिशेब कारकुनी पद्धतीने मांडतो. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर ठिपके ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. साध्या दर्जाच्या चॅनेलकडून येणाऱ्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. भागाकार करून पाहा, बरोबर वीस येतो. पै इकडची तिकडे नाही. म्हणजे प्रत्येक वीस ठिपक्यांमागे चॅनेलने पाठवलेला एक आणि टीव्हीने अंदाजाने भरलेले एकोणीस. खात्यात एक रुपया भरून पासबुकात वीस दाखवले तर आमच्याकडे चौकशी लागते. इथे त्याला 'अपस्केलिंग' म्हणतात आणि वेगळे पैसे घेतात.

तोच हिशेब अंतराचा. चांगल्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखू येतो, असं धरतात. त्या मापाने ४३ इंची पडद्यावरचे फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. आपण बसतो दहा फुटांवर, चष्मा कपाळावर चढवून. तिथून फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक सांगणाऱ्याला माझा नमस्कार.

बरं, आपण समोर तरी बसतो का? आजोबा खिडकीखालच्या दिवाणावर आडवे. आजी स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत. मुलगा जमिनीवर. समोरच्या सोफ्यावर वाळलेले कपडे, घडीची वाट बघत. अशा घरात एलसीडीचा पडदा व्हीए जातीचा की आयपीएस जातीचा याला फार महत्त्व आहे. व्हीएत काळा रंग खोल, पण बाजूने पाहिलं की चित्र धुवट. आयपीएसमध्ये बाजूने ठीक दिसतं, काळा मात्र राखाडीकडे झुकतो. ओएलईडी बाजूनेही उत्तम. एका दुकानात मी विचारलं, "आयपीएस आहे का?" सेल्समनने घाबरून मालकाला बोलावलं. त्याला वाटलं, मी पोलीस खात्यातला.

मालकांना मी विचारलं, "ब्राइटनेस किती निट?"

"अगदी नीट आहे साहेब. कंपनीचा माल आहे."

"तसं नव्हे. निट हे माप आहे. एका चौरस मीटरला एक कँडेला, म्हणजे साधारण एका मेणबत्तीचा उजेड."

"मेणबत्ती कशाला साहेब? सोबत स्टॅबिलायझर देतो की!"

मालक बिचारा काय करणार, खोक्यावरच छापलेलं नव्हतं. माझं भांडण त्याच्याशी नाही. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा घ्या. त्यावर वजन, किंमत, महिना, आत काय काय घातलं आहे त्याची यादी, शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका, सगळं छापावं लागतं, कायदा आहे. टीव्हीच्या खोक्यावर पडद्याची लांबी सेंटिमीटरात असते, वीज किती खातो याचे तारे असतात. म्हणजे मापं छापता येतात. मग उजेड कुठला, पडदा कुठल्या जातीचा, निट किती, दिव्यांचे गट किती, या चार ओळींनीच काय घोडं मारलं? एचडीआर असं ठळक छापायचं आणि तो एचडीआर दाखवण्याइतका उजेड टीव्हीत आहे की नाही हे गुलदस्त्यात ठेवायचं, हा प्रकार बिस्किटवाल्याने केला असता तर पुडा जप्त झाला असता.

टीव्ही महाग आहेत असं मी म्हणत नाही. उलट पुष्कळ स्वस्त झाले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटीही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पण वाचलेले दहा टक्के शेपटीत जाऊ नयेत, एवढीच मध्यमवर्गीय तळमळ आहे. तो पैसा कोणाच्या तरी दिवाळी बोनसचा, कोणाच्या पेन्शनच्या थकबाकीचा असतो.

तेव्हा अक्षरं विसरा आणि घर आठवा. दिवसा, खिडक्या उघड्या, बातम्या आणि मालिका, असा कारभार असेल तर भरपूर उजेडाचा एलसीडी घ्या, मग त्याचं टोपणनाव काहीही असो. मंडळी कडेने बसत असतील तर आयपीएस शोधा. रात्री दिवे मालवून सिनेमे बघण्याचा शौक असेल, खिसा साथ देत असेल आणि आजोबांची समजूत काढता येत असेल, तर ओएलईडी घ्या, पैसे वसूल होतील. दहा फुटांवरून ४३ इंची बघायचा असेल, तर ठिपक्यांच्या संख्येपायी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आणि दुकानात गेलात की पहिलं काम हे करा: सेल्समनला पोपट बंद करायला सांगा आणि साध्या दर्जाचं मराठी चॅनेल लावायला सांगा. सेटिंग घरगुती करायला लावा, दहा पावलं मागे जा, मग दाराकडे सरकून कडेने बघा. तो कुरकुर करील, केबल नाही म्हणेल, रिमोट सापडत नाही म्हणेल. ऐकू नका. ऐकलंत तर पोपट पडद्यावर राहणार नाही, तो तुमचा होईल.