परसदारच्या गोष्टी : सुरण कीं निशिगंध ?

परसदारीं मोकळी जागा एकच आणि ती मागणारे हात दोन, असा प्रसंग एकत्र कुटुंबांत केव्हां ना केव्हां येतोच. एका हातास भाजी हवी असते, दुसऱ्यास फूल. अशा वेळीं वडीलधाऱ्यानें निवाडा करावा, अशी रीत आहे. परंतु निवाडा करणाऱ्यास त्या दोन वनस्पतींची कांहीं माहिती असावी, हेंही रीतीस धरूनच आहे. माझ्या हातून गेल्या वर्षीं या दुसऱ्या गोष्टींत कसूर झाली. ती सांगितल्यानें एखाद्या गृहस्थाची तशीच चूक टळेल, एवढ्याच हेतूनें या महिन्याचा लेख लिहीत आहें.

आमचें घर रत्नागिरीकडील एका खेड्यांत. मागें विहीर, विहिरीच्या कडेला दहा-बारा हात लांबीचा वाफा, पलीकडे चार माड आणि कुंपणाशीं एक जुना फणस. विहिरीजवळच्या वाफ्यांत माझ्या मातुःश्रींच्या वेळेपासून सुरण लावीत असत. गेल्या वर्षीं चैत्रांत आमच्या धाकट्या सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, विहिरीजवळच्या वाफ्यांत या खेपेस निशिगंध लावूं का ? कंद मीं आणलेले आहेत.” यावर आमच्या घरांतून लगेच उत्तर आलें, “फुलांनीं का पोट भरतें ? सासूबाईंनीं लाविलेला सुरण आहे तो. तेथेंच राहूं दे.”

दोघीही माझ्याकडे पाहूं लागल्या. मी आयुष्यभर संस्कृत शिकविलेला मनुष्य. आधार हवा म्हणतांच भावप्रकाश आठवला. सर्व कंदशाकांत सूरण श्रेष्ठ, असें भावमिश्रानें सोळाव्या शतकांत लिहून ठेविलें आहे. त्याचें ‘अर्शोघ्न’ हें नांव म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा. तोच ग्रंथकार दद्रु, कुष्ठ व रक्तपित्त असलेल्यांस सुरण हितकर नाहीं असेंही बजावतो. पण तेवढा भाग मीं त्या वेळीं सांगितला नाहीं. शिवाय निशिगंध हें नांव कितीही संस्कृत वाटलें तरी तें फूल परदेशचें आहे, असाही शेरा मारला. निवाडा सुरणाच्या बाजूनें झाला. सूनबाईंनीं “बरें” एवढेंच म्हटलें आणि आपले पंचवीस कंद फणसाखालीं नेऊन लाविले.

मी जें बोललों तें खोटें नव्हतें. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. तेथील आझ्टेक लोक त्याच्या पांढऱ्याशुभ्र रंगावरून त्यास ‘हाडाचें फूल’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखीत. युरोपियनांच्या हातून तो जगभर गेला; म्हणून आपल्या कोणत्याही प्राचीन काव्यांत तो सांपडावयाचा नाहीं. इंग्रजींत त्यास ट्यूबरोज म्हणतात, आणि पुष्कळांस त्यांत ‘रोज’ म्हणजे गुलाब दिसतो. वास्तविक तो शब्द लॅटिन ‘ट्यूबरोजा’ यावरून आला असून त्याचा अर्थ ‘गांठाळ’ एवढाच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं अलीकडे तर त्यास सरळ घायपाताच्याच गणांत बसविलें आहे. कुंपणावरचा तो कांटेरी घायपात आणि हा नाजूक निशिगंध एका गणाचे, हें ऐकून आमच्या नातवंडांस मोठी मौज वाटली.

परंतु कुळ, गोत्र आणि व्युत्पत्ति सांगून वाफा पिकत नाहीं. पुढें काय झालें तें पहा.

ज्येष्ठाच्या आरंभीं घरांत मेलेल्या उंदराची दुर्गंधि सुटली. माळा उतरविला, कोठ्या हलविल्या, पण उंदीर कांहीं मिळेना. शेवटीं नातवानें शोध लाविला. विहिरीजवळ खणावयाचा राहून गेलेला एक जुना सुरण फुलला होता ! पान येण्यापूर्वींच जमिनींतून जांभळट-तपकिरी, जाडजूड फूल वर आलें होतें. सडक्या मांसासारख्या या वासानें घाणींत वावरणारे किडे ओढले जातात व त्यांच्याकरवीं परागवहन होतें. पावसाळ्याच्या तोंडीं कोंकणांत जीं शेवळें भाजीसाठीं विकावयास येतात, तींही सुरणाच्याच एका रानटी भावंडाचीं फुलें होत. घरांतील मंडळी नाक धरून हंसत होती. सूनबाई मात्र हंसल्या नाहींत, हें माझ्या ध्यानांत आलें. कारण ध्यानांत आलें नाहीं.

भाद्रपदांत गणपति आले. सजावटीसाठीं बाजारांतून निशिगंधाच्या छड्या आणल्या होत्या. सूनबाई त्या तांब्यांत लावीत असतां मीं सहज विचारलें, “तुमच्या फणसाखालच्या निशिगंधाचें काय झालें ?” त्या खालीं पाहूनच म्हणाल्या, “कुजले, मामंजी. पंचवीसांतले सात उरलेत. आईच्या बागेतले होते. आई गेल्यावर तिथून तेवढेच आणले होते.”

मला उत्तर सुचलें नाहीं. एका आईचा सुरण राखण्यासाठीं मीं दुसऱ्या आईचा निशिगंध अंधारांत घालविला होता, आणि तोही ग्रंथाचा आधार देऊन.

त्या दिवसापासून मीं पुस्तक मिटलें आणि परसांत जाऊन ऊन पाहूं लागलों. जें कळलें तें येणेंप्रमाणें.

सुरणास एक कंद, एक पान, असा हिशेब असतो. आपण ज्यास खोड म्हणतों तो त्या पानाचा देंठ आणि ज्यांस फांद्या म्हणतों ते त्याच एका पानाचे भाग. हें छत्रीसारखें पान माडांच्या विरळ सावलींतही नीट पोसतें. नारळी-पोफळीच्या बागांत सुरणाचें आंतरपीक घेतात तें यामुळेंच. वैशाखांत दीड-दोन हात रुंद खड्डा करून त्यांत शेणखत, पालापाचोळा व थोडी राख घालावी आणि सुमारें अर्धा किलो वजनाचा तुकडा लावावा. तुकड्यास मधल्या डोळ्याचा कांहीं भाग असलाच पाहिजे. दोन खड्ड्यांत तीन फूट अंतर असावें. सात-आठ महिन्यांनीं पान पिवळें होऊन आडवें पडलें म्हणजे कंद तयार झाला. आंध्रांतील कोव्वूर येथून प्रसार पावलेली ‘गजेंद्र’ ही जात खाजेस कमी आहे. तरी चिरतांना हातास तेल लावावें आणि शिजवितांना आमसूल किंवा चिंच विसरूं नये. कारण खाज येते ती कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळें.

निशिगंधाचा स्वभाव अगदीं उलट. त्यास उघडें ऊन हवें. सावलींत नुसतीं पातीं वाढतात. पाणी हवें, पण मुळाशीं सांचलेलें नको. कोंकणच्या पावसांत सपाट जमिनींत तो कुजणारच. म्हणून वीतभर उंच गादीवाफा करून त्यांत बोरांएवढे किंवा किंचित् मोठे कंद दोन इंच खोल लावावे व एकमेकांत वीतभर अंतर ठेवावें. साडेतीन-चार महिन्यांनीं छडी येते व ती खालून वर उमलत जाते. एकदां लाविला कीं तीन वर्षें त्याच जागीं राहतो. पुढें फुलें लहान होतात, तेव्हां कंद काढून, वेगळे करून फिरून लावावे. एकेरी फुलास वास अधिक, दुहेरीस भरगच्चपणा अधिक. बंगळूरच्या भारतीय बागायत संशोधन संस्थेनें काढलेली ‘प्रज्वल’ ही एकेरी जात आणि ‘सुवासिनी’ ही दुहेरी जात बाजारांत मिळतात.

म्हणजे वाद सुरण कीं निशिगंध असा मुळीं नव्हताच ! ज्यास सावली चालते तो उन्हांत बसला होता आणि ज्यास ऊन हवें तो सावलींत लोटला गेला होता. दोघांच्या जागा बदलल्या असत्या तर निवाड्याची गरजच पडली नसती.

यंदा वैशाखांत तसेंच केलें. प्रथम मीं दोघींसमोर माझी चूक कबूल केली. आमच्या घरांतून अंमळ कुरकुर झाली, पण सुरणाचे तुकडे माडांमध्यें लावण्यास त्या स्वतः आल्या. विहिरीजवळ गादीवाफा झाला आणि उरलेले सात कंद सूनबाईंनीं त्यांत लाविले. भाद्रपदांत तीन छड्या आल्या. पहिली छडी कापून देवापुढें कोणी ठेवावी, असा प्रश्न निघाला तेव्हां आमच्या घरांतून शब्द आला, “तिच्या आईचें फूल आहे, तिनेंच ठेवावें.” परवां माडाखालचा सुरण खणला. सर्वांत मोठा कंद तीन किलो भरला. त्याचे काप सूनबाईंनीं तळले आणि पुढील सालासाठीं बियाण्याचा तुकडाही त्यांनींच निवडून ठेविला.

वाचकांस एकच सुचवावयाचें आहे. सध्यां मार्गशीर्षांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळें सावल्या लांब पडतात. त्यांवरून वाफे आंखूं नका. चैत्र लागला म्हणजे सकाळीं, दुपारीं आणि तिसऱ्या प्रहरीं परसांत जाऊन ऊन कोठें पडतें त्याच्या खुणा करा. आणि कंद कोणाचा, कोठून आणला, हें लावणाऱ्यास अगोदर विचारा. मीं तें विचारलें असतें, तर अठरा कंद वांचले असते.