आधी नाही म्हणण्याचा हक्क द्या

नोव्हेंबर 2024 मध्ये कोलंबियातल्या काली शहरात जैवविविधता कराराच्या सोळाव्या परिषदेने आदिवासी समूहांच्या प्रश्नांसाठी कायमस्वरूपी उपसमिती मंजूर केली आणि सभागृहात जल्लोष झाला. आदिवासींचा आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंच 1996 पासून या करारामागे लागला आहे, त्यामुळे त्यांचा आनंद मी समजू शकतो. पण या उपसमितीवर मी समाधान मानायला तयार नाही. बोलायला जागा मिळाली. निर्णय अडवायची ताकद मात्र मिळाली नाही, आणि तिच्याशिवाय सहभाग ही निव्वळ धूळफेक आहे.

या परिषदांत काम कसं चालतं ते पाहा. मसुदा पडद्यावर लावलेला असतो. ज्या शब्दांवर वाद आहे ते चौकटी कंसात जातात. आधी देश बोलतात. वेळ उरला तर निरीक्षक. आदिवासी प्रतिनिधी निरीक्षकांत मोडतात. ॲमेझॉनच्या जंगलातून आलेल्या बाईने एखादं वाक्य सुचवलं, तर निदान एका देशाने त्याला पाठिंबा द्यावा लागतो. कोणीच दिला नाही तर ते वाक्य पडद्यावर टिकत नाही. याउलट, मतदानाच्या नियमावर देशांचंच एकमत न झाल्याने महत्त्वाचे ठराव सर्वसहमतीने होतात. म्हणजे एक देश आडवा आला तरी ठराव अडतो. अशी आडकाठी घालण्याची मुभा 196 सदस्यांना आहे. ज्यांच्या जंगलांवर हे सगळे ठराव होतात, त्यांना नाही.

सर्वसहमती म्हणजे काय, हे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने करून दाखवलं आहे. या गोंड गावाची ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय थांबतो, पुन्हा चर्चेला येतो. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत वर्षानुवर्षं जपली. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू वाहून नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा कुठे वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. कायदा झाला, हक्काचा कागद हातात आला, आणि आपल्याच बांबूसाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं. अशा गावाला जगाने सहभाग शिकवायचा?

आपल्या सरकारचा दुटप्पीपणा तर तारखांवरूनच दिसतो. वनजमीन प्रकल्पाला देण्याआधी ग्रामसभेची संमती घ्या, असं केंद्राने 2009 मध्येच परिपत्रक काढून सांगितलं होतं. जून 2022 मध्ये नवे वनसंवर्धन नियम आले आणि वनहक्कांची पूर्तता पाहण्याचं काम केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर राज्यांवर ढकललं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात, मॉन्ट्रियलमध्ये, भारताने जैवविविधतेचा जागतिक आराखडा मान्य केला. 2030 पर्यंत पृथ्वीचा 30 टक्के भाग संरक्षित करायचा आणि तो करताना आदिवासींचे त्यांच्या पारंपरिक भूमीवरचे हक्क मानायचे, असं त्यात लिहिलं आहे. मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीचा उल्लेखही त्यात आहे. सगळं वरून ठरल्यावर गावाला विचारायचं, ही पूर्वसंमती कशी?

पुढच्याच वर्षी, 2023 मध्ये, आपला जैवविविधता कायदाही बदलला. त्याआधी 2018 मध्ये दिव्य फार्मसी या औषध कंपनीच्या खटल्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने निकाल दिला होता की, देशी कंपन्यांनीही जैवसंपदेच्या नफ्यातला वाटा स्थानिक समूहांना दिला पाहिजे. न्यायालयाने त्यासाठी आंतरराष्ट्रीय कराराचाच आधार घेतला होता. दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान आणि आयुष वैद्यांना या वाटणीतून सूट दिली. जंगलातली मुळी ओळखणाऱ्याचं ज्ञान ग्रंथात नसतं, त्याच्या डोक्यात असतं. पण तीच वनस्पती ग्रंथातही असली की त्याचा हक्क पातळ होतो.

मग जून 2024. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र लिहून सांगितलं की व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात 591 गावं आणि 64,801 कुटुंबं आहेत, त्यांचं पुनर्वसन प्राधान्याने करा. पुनर्वसन ऐच्छिक असावं, असं कायदा म्हणतो. पण वनहक्कांचे दावे लटकलेले, रस्ता नाही, दवाखाना नाही, गुरं चारायला बंदी. अशा गावाने होकार दिला तर त्याला ऐच्छिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मेळघाटातल्या कोरकूंची गावं गेली दोन दशकं अशीच उठत आली आहेत. आणि प्राधिकरणाच्या त्या पत्रानंतर चारच महिन्यांनी आपलं शिष्टमंडळ कालीला गेलं.

एका गावाने देशाचा विकास अडवायचा का, असं मला हमखास विचारलं जातं. माझं उत्तर: हो, अडवावा, आणि अडवला तरी देश बुडत नाही. ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइटची खाण होणार होती. एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला. त्या पावसाळ्यात 12 ग्रामसभा भरल्या, निरीक्षक म्हणून जिल्हा न्यायाधीश बसले, आणि तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींनी व त्यांच्या शेजाऱ्यांनी बाराच्या बारा ठिकाणी खाण नाकारली. डोंगर आजही उभा आहे. जैवविविधता वाचवण्याचं याहून खात्रीचं काम कोणत्या परिषदेने केलं, मला दाखवा.

अडचण कराराच्या मुळातच आहे. आदिवासी ज्ञानाचा मान राखा, असं सांगणारं 1992 चं कलम 8 (जे) राष्ट्रीय कायद्याच्या अधीन आहे. म्हणजे परिषदेत मिळालेला हक्क देशात परतल्यावर कापता येतो. आपण तो आधीच कापून मगच परिषदेला जातो.

सतरावी परिषद 2026 मध्ये आर्मेनियातल्या येरेवानला ठरली आहे. तिथे जाणाऱ्या शिष्टमंडळात किती आदिवासी आहेत, यावर मी समाधानी होणार नाही. तुम्हीही होऊ नका. तुमच्या खासदाराला दोनच गोष्टी विचारा: ग्रामसभेची संमती केंद्राच्या मंजुरीआधी घेण्याची अट परत कधी आणणार, आणि व्याघ्र प्राधिकरणाचं ते पत्र कधी मागे घेणार?