चेनच्या कड्या मोजा, मगच किक मारा

तुमच्या दारात मॉडिफाय केलेली मोटरसायकल उभी आहे का? मागचा चिमटा लांबवलेला, सॉकेट बदललेलं, शॉकअप उंच केलेले? मग आज ती रस्त्यावर काढू नका. आधी तिची चेन बघा. हौस तुमची, पैसा तुमचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण मागच्या सीटवर तुमचं माणूस बसतं, म्हणून थांबवतोय.

होतं काय, टाकी रंगवायला आठ दिवस जातात आणि चेन शेवटच्या दहा मिनिटांत, अंदाजाने चढवली जाते. ‘बसली की!’ म्हणतात. बसली म्हणजे बरोबर झाली असं नाही.

चेन लांब राहिली तर ती लोंबते. खड्ड्यात गाडी आदळते, तुम्ही गिअर कमी करता, आणि चेन पुढच्या सॉकेटवरून उडते. सॉकेट आणि इंजिनची केसिंग यांच्या फटीत ती गोळा होऊन अडकते. मागचं चाक जागीच लॉक होतं. ब्रेक सोडावा तर तो दाबलेलाच नसतो. क्लच दाबूनही चाक सुटत नाही. खंबाटकीच्या उतारावर, मागे भरलेला ट्रक असताना हे झालं तर? पोराचे हात तुमच्या कमरेला असताना झालं तर?

म्हणून मोजा. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. तिची एक कडी १२.७ मिमीची. चिमटा दोन इंच लांबवला की चेन वरूनही दोन इंच वाढते, खालूनही. म्हणजे तब्बल ८ कड्या. मागचं सॉकेट ४२ दात्यांचं काढून ४६ चं टाकलं, तर आणखी दोन कड्यांहून थोडं जास्त लागतं. फक्त सॉकेट बदललं असेल आणि जुनीच चेन ठेवायची म्हटली तर चाक १३-१४ मिमी पुढे ओढावं लागेल. तेवढी जागा आहे का, ते बघा. नसेल तर ओढाताण करू नका, नवी चेन घ्या.

मोजायची रीत सोपी आहे. मागचा अ‍ॅक्सल त्याच्या खाचेत पुढच्या बाजूला ठेवा, म्हणजे चेन झिजून वाढली की मागे ताणायला जागा उरते. चेन दोन्ही सॉकेटवरून फिरवा, टोकं जुळवा, कड्या मोजा. आकडा सम हवा. विषम आला तर एक कडी वाढवा आणि चाक मागे घ्या. अर्धी कडी घालून वेळ मारून नेऊ नका. चेन तिथेच दगा देते.

आता दुसरा धोका, आणि हा जास्त फसवा आहे. चेन आखूड असली तरी स्टँडवर ती छान दिसते. दोन माणसं बसली की चिमटा वर जातो. पुढच्या सॉकेटचा मध्य, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. तिथे ढील उरली नाही तर शॉकअप दबत नाहीत, गिअरबॉक्सचं बेअरिंग खेचलं जातं, ऑइल सील गळू लागतं. एखाद्या दिवशी चेन तुटते. कंपनीच्या पुस्तकातला ढिलीचा आकडा कंपनीच्या चिमट्यासाठी आणि शॉकअपसाठी आहे. तुम्ही दोन्ही बदललेत.

तेव्हा दोन धडधाकट मित्रांना सीटवर बसवा. तिन्ही मध्य एका रेषेत येऊ द्या आणि खालची चेन बोटाने वर-खाली हलवा. थोडी तरी हललीच पाहिजे. चाक फिरवत चार ठिकाणी बघा. चेनचं लॉकही बघा. त्याचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं, उघडं तोंड मागे.

आणि चेनकव्हर? ‘लूक’साठी काढलंत ना? ते परत बसवा. आई, बायको, बहीण एका बाजूला पाय सोडून बसतात. पदर आणि ओढणी चेनपासून वीतभर अंतरावर फडफडत असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या १२३ व्या नियमाने मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकायला सांगितलंय, तो मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणूनच. (चिमटा कापून लांबवणं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ पुढे टिकणं अवघड. ते तुम्हाला माहीत असेलच.)

गॅरेजवाले दादा, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे. गिऱ्हाईक घाईत असतं, तुम्ही घाई करू नका. छिन्नीने चेन तोडू नका. डिलिव्हरी एक दिवस उशिरा द्या. शिव्या बसतील, बसू द्या.

आज संध्याकाळी बघा, उद्यावर टाकू नका. चेन आखूड निघाली, अर्धी कडी सापडली, लॉक उलटं दिसलं, तर ‘गॅरेजपर्यंतच जातो’ म्हणून गाडी चालवत नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर गाडी टेम्पोत घाला. आणि गाडी दारात नसेल, पोरगा घेऊन गेला असेल, तर आत्ता त्याला फोन करा. उचलला नाही तर थोड्या वेळाने परत करा. जिथे असेल तिथे गाडी लावू दे, आणि घरी एसटीने येऊ दे.