आडात आहे, पण पोहऱ्यात नाही

संपादकांचा निरोप होता, ‘सर, यंदा काहीतरी हलकंफुलकं द्या.’ पण दिवाळीच्या आगेमागे आपल्या हर्नडनमध्ये गवतावरचे दव गोठू लागते, आणि ते पाहिले की मला डिसेंबर २०२२मधली एक रात्र आठवते. तेव्हा या वेळी माझ्या एका चुकीची गोष्ट सांगतो. हसायला हरकत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही पर्सेलव्हिलच्या पुढे, ब्लू रिजच्या पायथ्याशी एक जुने घर घेतले होते. मंडळातल्या बऱ्याच जणांना आता अशी घरे खुणावू लागली आहेत, म्हणून हे लिहितो. तिथे गावाचा नळ नव्हता. अंगणात बोअर, त्यात खोल सोडलेला पंप आणि तळघरात दाबाची टाकी. वीज गेली की टाकीत उरलेले दोन-तीन बादल्या पाणी तेवढे आपले. ते संपले की संडासात ओतायलाही पाणी नाही.

२३ डिसेंबरला सकाळी पाऊस होता. मग वारा फिरला, पारा घसरत गेला आणि २४च्या पहाटे १० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे १२ सेल्सिअसच्याही खाली उतरला. आमच्याच वयाचे शेजारी, जन्मभर तिथेच शेती केलेले, संध्याकाळी येऊन सांगून गेले होते : सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवा, म्हणजे खोलीची ऊब पाइपपर्यंत पोचेल, आणि नळ बारीक धारेने वाहता ठेवा. सौ.ने दोन्ही केले. रात्री एक वाजता मला जाग आली, नळाचा आवाज ऐकला, आणि उठून मी तो घट्ट बंद केला. कपाटाची दारेही लावून टाकली.

पुण्याच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला वाहता नळ झोपू देत नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले. आमच्या वाड्यात आड होता. पोहरा सोडायचा, दोर ओढायचा, हंडे-कळश्या भरायच्या. ते दिवस त्या आडाने निभावून नेले. पाणी वाया गेलेले आईला खपत नसे. तेव्हापासून ते मलाही खपत नाही.

पहाटे चारला वीज गेली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे उलटे झाले. आडात भरपूर होते, पण आमचा पोहराच विजेवर चालणारा!

भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे कितीदा फळ्यावर लिहिले असेल. पण पाइप बहुधा बर्फापाशी फुटत नाही. बर्फाचा बोळा वाढत जातो, तसे तो बोळा आणि बंद नळ यांच्यामधले पाणी कोंडले जाते. दाबाला वाट मिळत नाही आणि पाइप फाटतो. थेंब थेंब गळणारा नळ ही ती वाट. मी तीच बंद केली होती.

दुपारपर्यंत घरात बोलताना तोंडातून वाफा निघू लागल्या. मी अंगणातली कोळशाची शेगडी आत आणायला निघालो. सौ. दारात आडवी उभी राहिली. ‘नळ बंद केलात तेवढं पुरे. आता श्वास नका बंद करू.’ तिचे खरे होते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सास गोठले, तेव्हा राज्याच्या नोंदीनुसार २४६ माणसे दगावली. त्यांत या वायूने गेलेलीही होती.

संध्याकाळी वीज आली. घर उबदार झाले, बोळा वितळला आणि सिंकमागच्या भिंतीतून पाणी धो धो वाहू लागले. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे मला ठाऊकच नव्हते. शेजाऱ्यांना फोन केला. ते बॅटरी घेऊन आले, सरळ तळघरात गेले, पंपाचा ब्रेकर पाडला, व्हॉल्व्ह फिरवला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. जाताना दाराशी पाण्याचे दोन कॅन ठेवून गेले.

तेव्हा मंडळी, फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत एवढे करा. मुख्य व्हॉल्व्ह शोधा आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवा. बागेतला होज काढून ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतो का, पाहा. पारा २० फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर नळ बारीक सोडा. बोअरचे घर असेल तर बाथटब आधीच भरा. आणि शेजाऱ्यांचा नंबर फोनबरोबरच कागदावरही लिहून ठेवा.

ते घर आम्ही पुढे विकले. आता हर्नडनमध्ये वीज गेली तरी नळाला पाणी असते. तरी वादळाचा इशारा आला की सौ. माझ्या आईसारखीच सगळी पातेली भरून ठेवते, सिंकचा नळ बारीक सोडते आणि त्यावर चिठ्ठी डकवते : ‘प्रोफेसरांनी हात लावू नये.’