क्लिक करताना श्वास रोखू नका

फोटो हलू नये म्हणून आपण काय करतो? श्वास रोखतो आणि हळूच बटण दाबतो. जमिनीवर ही सवय चांगलीच आहे. पण या सुट्टीत तुम्ही मालवण, नेत्राणी किंवा अंदमानला स्कुबा डायव्हिंग करणार असाल, तर ती किनाऱ्यावरच सोडून जा.

कारण सरळ आहे. १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागापेक्षा दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत फुगून दुप्पट होते. त्यात छाती भरून श्वास घेतला की शरीर आपोआप वर तरंगू लागतं. म्हणजे तुम्ही कॅमेऱ्यात डोळा घालून बसलेले, श्वास रोखलेला आणि नकळत वर सरकताय! काही फूट वर आलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. श्वास संथ चालू ठेवायचा, हलका श्वास सोडताना क्लिक करायचं. पहिल्याच डाइव्हला तर कॅमेरा नकोच. प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो तेव्हा आजूबाजूला बघा, तेवढं पुरे. पाण्यात न हेलकावता एका जागी तरंगता येऊ लागलं की मग कॅमेरा. नाहीतर तोल सावरायला हात प्रवाळावर जातो किंवा फिनची लाथ बसते, आणि वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते सेंटिमीटर वाढणारी फांदी क्षणात मोडते.

आता रंगांबद्दल. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. पाच-सहा मीटर खाली गेलं की लालभडक मासाही मातकट दिसतो, मग नारिंगी, पिवळा जातो आणि उरतो निळा-हिरवा. म्हणून लांबून काढलेले फोटो फिके येतात. उपाय एकच, जवळ जा आणि टॉर्च वापरा. टॉर्च लेन्सला चिकटून नको, बाजूने तिरका धरा. समोरून उजेड पडला की पाण्यातले कण चमकतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं.

नवशिक्यांसाठी सर्वांत चांगलं मॉडेल म्हणजे न्यूडिब्रँक, शंख नसलेली समुद्री गोगलगाय. बरेचसे बोटाच्या पेरापेक्षाही लहान, पण रंग असे की पैठणीने हेवा करावा. पळून जात नाही, हे आणखी छान. तिच्या डोक्यावर दोन शिंगं असतात. त्यांनी ती पाण्यातला वास हुंगते. फोकस तिथेच ठेवा. काही जाती समुद्रफुलासारखे डंख मारणारे जीव खातात आणि त्यांचे डंख स्वतःच्या पाठीवर साठवून ठेवतात. उसना दारूगोळाच म्हणायचा! चांगली पोज मिळावी म्हणून तिला काडीने सरकवणारे लोक असतात. असा फोटो कितीही सुंदर असला तरी मला तो बघवत नाही.

पोहता येत नाही? मग ओहोटी तुमची आहे. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे साडेसातच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाणी खूप मागे जातं, अष्टमीला कमी. हा अंदाज कोकणपट्टीचा आहे. चेन्नई किंवा विशाखापट्टणमला राहत असाल तर मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक बघा. खडकांमधल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं, कधी छोटा ऑक्टोपसही दिसतो. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट अशा ओहोटीच्या फेऱ्या काढतो. मुलांना जरूर न्या. दगड उलटला तर पुन्हा होता तसा ठेवायला मात्र शिकवा, कारण त्याच्या खालच्या बाजूला कोणाचं तरी घर असतं.

त्याच वेळी पक्षीही जेवायला येतात. समुद्रबगळा ओळखायला सोपा. काही राखाडी-काळे, काही पांढरेशुभ्र, पण जात एकच. पांढऱ्या बगळ्याचा फोटो काढताना स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, नाहीतर पिसं न दिसता नुसता पांढरा डाग येतो.

चिखल्या आणि तुतवार हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतात. त्यांना खायला मिळतो तो ओहोटीचा थोडा वेळ. आपण थवा उडवला की त्यांचं जेवण थांबतं आणि उडण्यात ताकद जाते ती वेगळीच. म्हणून पाठलाग नको. सूर्य पाठीशी घेऊन वाळूवर बसून राहा. पक्षी खाणं थांबवून मान वर करून तुमच्याकडे बघू लागला, तर समजा की जास्त जवळ गेलात. दोन पावलं मागे या. थोड्या वेळाने तोच चरत चरत तुमच्या दिशेने येईल. उघड्या वाळूत अंडी दिसली तर फोटोचा विचारही न करता आल्या पावली परत फिरा. सुरय पक्ष्याची अंडी वाळूच्याच रंगाची असतात, पुढचं पाऊल कशावर पडेल सांगता येत नाही.

घरी आल्यावर फोटो आयनॅचरलिस्टवर तारीख आणि ठिकाणासह टाका. जाणकार लोक नाव ओळखून देतात. घरट्याजवळचा पक्षी असेल तर नेमकं ठिकाण लपवायची सोय तिथे आहे, ती वापरा.