नागपूरच्या उन्हात झाडं कापणाऱ्यांनी पायात काय घालायचं? चेनसॉ पँटचं गणित समजून घ्या

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास गेला की शहर दुपारी आपोआप थांबतं. दुकानांची शटर अर्धी खाली येतात, कुलर सुरू होतात, बाहेर पडावंच लागलं तर लोक डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघतात. गेल्या काही उन्हाळ्यांत तर भरदुपारी काही चौकांतले सिग्नलही बंद ठेवले गेले. लाल दिव्यावर दुचाकीवाल्यांना उन्हात ताटकळावं लागू नये, हे त्यामागचं कारण.

त्याच दुपारी एखाद्या रस्त्याच्या कडेला कडुनिंबाच्या फांदीवर एक माणूस उभा दिसतो. कमरेला दोर आणि हातात चेनसॉ, म्हणजे साखळीवर चालणारी झाड कापायची मशीन. पायात मात्र बहुतेक वेळा साधी पँट आणि चप्पल.

या माणसासाठी जगात एक खास पँट मिळते. साखळी पायाला लागली तर ती मशीनच बंद पाडते. पण ती जाड असते, आणि ४५ अंशांत जाड पँट घालून झाडावर चढणं हाही धोकाच. मग करायचं काय?

झाडं नेमकी उन्हाळ्यातच का कापतात?

कारण पावसाळा तोंडावर असतो. जूनमध्ये वादळी पाऊस आला की वाळलेल्या फांद्या वाहनांवर, घरांवर आणि विजेच्या तारांवर पडतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत महापालिका धोकादायक फांद्या काढते, तर महावितरण तारांना लागणाऱ्या फांद्या छाटते. सोसायट्या आणि बंगलेवालेही याच काळात माणसं बोलावतात.

म्हणजे वर्षातलं सगळ्यात धोक्याचं काम वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या आठवड्यांत येतं. विदर्भात मेच्या शेवटी नवतपा लागतो, तेव्हाही हे काम सुरूच असतं. पँटचा प्रश्न युरोपात जितका सोपा आहे तितका नागपुरात नाही, तो याच कारणाने.

ही पँट नेमकं करते काय?

अनेकांचा समज असा की तिच्यात पत्रा किंवा कापला न जाणारा कपडा असतो. तसं काही नसतं.

वरच्या कापडाखाली लांब, सैल धाग्यांचे अनेक थर असतात. धावती साखळी पँटला लागली की वरचं कापड फाटतं आणि आतले धागे साखळीला गुंडाळून बाहेर ओढले जातात. ते साखळी फिरवणाऱ्या चाकात जाऊन अडकतात आणि साखळी थांबते. सायकलच्या चेनमध्ये ओढणी अडकली की चाक जाम होतं, तसंच काहीसं. हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा भागात घडतं.

साधी जीन्स, बर्म्युडा किंवा दोन पँट एकावर एक, यातलं काहीच साखळीला थांबवत नाही. मांडीत मोठी रक्तवाहिनी असते. ती कापली गेली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

क्लास आणि टाइप म्हणजे काय?

पँट घेताना दोन गोष्टी बघायच्या असतात. आयएसओ ११३९३ या आंतरराष्ट्रीय मानकात त्या ठरवून दिल्या आहेत.

पहिली गोष्ट क्लास. साखळी किती वेगाने फिरत असताना पँट तिला थांबवू शकते, हे क्लास सांगतो.

क्लास ० : सेकंदाला १६ मीटर
क्लास १ : सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर
क्लास २ : सेकंदाला २४ मीटर
क्लास ३ : सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर

आपल्या मशीनच्या साखळीचा वेग तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. क्लास त्याच्याशी जुळवून निवडायचा.

दुसरी गोष्ट टाइप. पायाचा किती भाग झाकला जातो, हे टाइप सांगतो. टाइप ए आणि बी मध्ये संरक्षक थर पुढच्या बाजूला आणि कडेला थोडा असतो, मागची बाजू साध्या कापडाची असते. टाइप सी मध्ये पाय सगळ्या बाजूंनी झाकलेला असतो. उष्णतेच्या हिशोबात हा फरक फार मोठा आहे.

उन्हात अडचण नेमकी कुठे येते?

माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा ४५ अंशांची असेल तर वारा अंग थंड करत नाही, उलट तापवतो. अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. घाम वाळला की अंग गार होतं. जाड थरांखाली तो वाळत नाही, नुसता साचतो.

इथे नागपूरचा एक फायदा आहे. मेमधली दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. पँटमध्ये हवा खेळती राहिली तर घाम पटकन वाळतो. म्हणून मांडीच्या मागे चेन असलेल्या, उघडता येणाऱ्या फटी इथे खरोखर कामाला येतात. पण याच कोरड्या हवेचा एक धोकाही आहे. घाम येतोय हे कळतच नाही, आणि शरीरातलं पाणी संपत जातं.

जूननंतर उलटं होतं. हवा दमट झाली की फटी उघड्या असूनही घाम वाळत नाही. पारा उतरलेला असला तरी शरीरावरचा ताण कायम राहतो.

मग नागपूरसाठी कोणती पँट?

जमिनीवर उभं राहून फांद्यांचे तुकडे करणाऱ्यासाठी टाइप ए, क्लास १ ची हलकी पँट साधारणपणे पुरते. मशीन जास्त वेगाची असेल तर क्लास वाढवायचा. मागचं कापड पातळ आणि ताणलं जाणारं असावं, फटी असाव्यात, रंग फिकट असेल तर उत्तम.

दुसरा पर्याय चॅप्सचा. चॅप्स म्हणजे पँटवरून बांधायचा पुढचा संरक्षक भाग, मागून उघडा. खालून पातळ सुती पँट घालता येते आणि मशीन बंद केली की चॅप्स दोन मिनिटांत सोडता येतात. एकच जोडी टोळीतले दोघे आळीपाळीने वापरू शकतात. ऑस्ट्रेलियासारख्या उन्हाच्या देशात त्या बऱ्याच वापरल्या जातात.

झाडावर चढणाऱ्याचं गणित मात्र वेगळं आहे. चॅप्स फांदीत अडकतात, म्हणून चढताना त्या नकोतच. शिवाय वर गेल्यावर शरीर कसंही वळतं आणि साखळी पायाच्या मागच्या बाजूलाही लागू शकते. त्यामुळे झाडावर मशीन चालवणाऱ्यासाठी टाइप सी जास्त सुरक्षित मानली जाते, आणि सगळ्यात गरमही तीच होते. इथे पँट हलकी करण्यापेक्षा काम लवकर उरकणं हा खरा उपाय आहे. सूर्य वर यायच्या आत चढायचं, वरचं कापून घ्यायचं आणि उन्हं तापायच्या आत खाली उतरायचं.

बॅटरी किंवा विजेवरच्या मशीनबद्दलही एक इशारा आहे. पेट्रोलचं इंजिन धागे अडकले की बंद पडतं. विजेची मोटर कमी वेगातही जोर लावत राहते, त्यामुळे काही पँट तिच्यासमोर कमी पडू शकतात. अशा मशीनसाठी पँट चालते का, हे लेबलवर बघूनच घ्यावं.

खरेदीत आणि वापरात लोक कुठे चुकतात?

लेबल न बघता घेणं ही पहिली चूक. खऱ्या पँटवर ढालीत चेनसॉचं चित्र, मानकाचा क्रमांक, क्लास आणि टाइप छापलेला असतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या पँटवर यातलं काहीच नसेल, तर ती साधी पँट समजावी.

दुसरी चूक शिलाईची. पँट उसवली म्हणून शिंप्याकडून आरपार टीप मारून घेतली तर आतले धागे एकमेकांना बांधले जातात. मग साखळी त्यांना बाहेर ओढू शकत नाही आणि पँट निकामी होते. ऑइल आणि घामाने धागे चिकटले तरी तेच होतं, म्हणून ती लेबलवर लिहिल्याप्रमाणे नियमित धुवावी आणि सावलीत वाळवावी. साखळीने आतले थर एकदा कापले की पँट बदलायची.

तिसरी चूक म्हणजे फक्त पँटवर भागवणं. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, हातमोजे आणि पुढून कडक असलेले बूटही तितकेच लागतात.

पँट घातली, पण ऊन लागलं तर?

पँट साखळीपासून वाचवते, उष्माघातापासून नाही. त्यासाठी वेगळे नियम आहेत आणि ते फुकटचे आहेत.

दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी प्यावं, तहान लागायची वाट बघू नये. मधूनमधून ताक, पन्हं किंवा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घ्यावं. थांबल्यावर सावलीत बसून पँटच्या फटी उघडाव्यात, चॅप्स सोडाव्यात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात पूर्ण दिवस राबवू नये. साधारण पाचव्या हिश्शापासून सुरुवात करून रोज वेळ वाढवत न्यावा.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा चक्कर येऊन बसला, तर मशीन लगेच बंद करायची. त्याला सावलीत न्यायचं, पँट काढायची, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा.

इतर देशांनी काय केलं?

जपानचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथला उन्हाळा दमट आणि त्रासदायक असतो. तरीही १ ऑगस्ट २०१९ पासून चेनसॉने झाड तोडणाऱ्यांना पायाचं संरक्षक कपडे घालणं तिथे सक्तीचं झालं. पुढे १ जून २०२५ पासून उन्हात काम करून घेणाऱ्या मालकांवर उष्माघात टाळण्याच्या उपायांचीही सक्ती आली.

म्हणजे ‘गरम होतं म्हणून पँट नको’ हा युक्तिवाद जपानने मान्य केला नाही. पँट ठेवली आणि कामाची पद्धत बदलायला लावली.

आपल्याकडे हे कोणी करायचं?

युरोपात साध्या चेनसॉ पँटची किंमत साधारण शंभर युरोच्या आसपास असते, हवेशीर पँटची त्याच्या दुप्पट-तिप्पट. रोजंदारीवर जगणारा माणूस ती स्वतः घेणार नाही, हे उघड आहे.

कायदा काय म्हणतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. पण ही संहिता मुख्यतः दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. झाडं कापणारी टोळी बहुतेकदा चार-पाच जणांचीच असते.

म्हणून खरी चावी काम देणाऱ्याच्या हातात आहे. महापालिका असो, महावितरण असो की एखादी सोसायटी, कंत्राटातच दोन ओळी लिहिता येतात. मशीन चालवणाऱ्याला मानकाप्रमाणे पँट मिळेल आणि तिचा खर्च दरात धरला जाईल, ही पहिली. दुपारी १२ ते ४ मशीन बंद राहील, ही दुसरी. यातली एकच ओळ लिहिली तर उपयोग नाही. नुसती पँट दिली तर कामगार ती उन्हात काढून ठेवेल, आणि नुसती वेळ बदलली तर सकाळी सहालाही साखळी तितक्याच वेगाने फिरते.

घरचं झाड छाटायचं असेल तर १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. परवानगीचा कागद हातात आल्यावर, माणसाला झाडावर चढवण्याआधी आणखी दोन गोष्टी विचारायला हरकत नाही. पायात काय घातलंय, आणि काम किती वाजता संपवणार?